लॅपटॉपच्या कपाळाला कुंकू

दसऱ्याच्या दुपारी आमचा लॅपटॉप बिघडला. एकदाचा मेला असता तर परवडलं असतं, पण तो धड मरेना आणि धड चालेना. बटण दाबलं की आत पंखा घुरघुरायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह यायचं, त्याखाली ठिपक्यांचं चक्र फिरायला लागायचं आणि आता उघडेल असं वाटेपर्यंत सगळं काळं. मग मी हातही न लावता पुन्हा चिन्ह, पुन्हा चक्र, पुन्हा काळं. दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखं त्याचं चाललं होतं. शेवटी मी चिडून झाकण लावलं आणि चहा ठेवला.

'आमचा' म्हणायची आपली सवय. घरात मी एकटीच आहे. नांदेडला दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे; नोकरीची बरीच वर्षं हदगावकडच्या खेड्यांत गेली. आमचे हे मोटारींचे मेकॅनिक होते. ते गेल्यापासूनचा हा तिसरा दसरा. एकुलती एक लेक पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. हा लॅपटॉप तिच्या कॉलेजातला. नोकरी लागल्यावर तिला कंपनीचा नवा मिळाला आणि तिच्या जुन्या स्वेटरांबरोबर हाही माझ्या वाट्याला आला.

त्यावर काय करता, असं कुणी विचारलं तर मी सांगते, पेन्शनची कामं असतात, पेपर वाचते. खरं सांगायचं तर मी पत्ते खेळते. एकट्यानं खेळायचा डाव असतो, सात ढीग मांडून, काळ्यावर लाल, लालवर काळं लावत जायचं, तो. दप्तरात पत्ते सापडले म्हणून मी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलंय. आणि आता जेवणं उरकली की मीच इस्पिकच्या दश्शीवर बदामची नव्वी ठेवत बसते. दुपार फार लांब असते. ज्यांच्या घरात बोलायला कुणी आहे त्यांना ती किती लांब असते ते कळायचं नाही.

लेकीचा फोन रोज संध्याकाळी यायचा, नाही असं नाही. पण कसा? "जेवलीस का?" "हो. तू?" "हो." "गोळी घेतलीस?" "घेतली." मग थोडा वेळ दोघी गप्प. मग ती "ठेवते" म्हणायची आणि मी "ठेव" म्हणायचे. हजेरी घ्यायला सुद्धा मला याहून जास्त वेळ लागायचा. भांडण नव्हतं आमचं. दोघींमध्ये बोलणारा माणूस हे होते. ते तिला इकडचं तिकडचं, कुणाची गाडी कुठं बंद पडली, कुणी किती थापा मारल्या, सगळं रंगवून सांगायचे आणि मी मधूनमधून त्यांच्या चुका काढायचे. ते गेले आणि चुका काढायला काही उरलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे आपली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायचे. पाने, पकडी, स्क्रू ड्रायव्हर, जॅक. शेजारी माझं शिलाई मशीन. लेकीला लॅपटॉप घेतल्यापासून तोही पाटावर बसायला लागला. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूचं एकेक फूल. ते गेल्यावर दोन वर्षं मी पेटी उघडली नाही. यंदा कशासाठी तरी पक्कड लागली म्हणून पेटी काढली तर पान्यांवर गंज. मला राग आला. माणूस गेला म्हणून हत्यारांनी का सडावं? घासून पुसून सगळं पाटावर मांडलं.

कुंकवाचा करंडा देवघरात मागं सरकलेला होता. आत कुंकवाची ढेपळं झालेली. मी वाटीत पाणी घेतलं, नीट चिकटावं म्हणून थेंबभर गोडंतेल टाकलं आणि बोटानं कालवलं. स्वतःला लावत नाही म्हणून पान्याला लावू नये, असं कुठं लिहिलंय? असलं तरी मी ते वाचलेलं नाही. तरी पहिलं बोट टेकवायच्या आधी मी ते उजेडात धरलं, हे खरं. बोटाला कुंकू लागलेलं किती दिवसांनी बघत होते.

हे लॅपटॉपच्या झाकणावर बोट टेकवायचे. मी झाकण उघडलं, कारण झाकणावर लेकीनं कॉलेजात असताना कसली कसली चित्रं चिकटवली होती आणि त्यांच्यात जागाच उरली नव्हती. आत, कीबोर्डच्या किल्ल्यांच्या वर, बरोबर मधोमध, सुरू करायचं गोल बटण. कपाळच जसं. मी तिथं चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, वर हळदीचं बोट, वर अक्षता. पाटावरचं सगळ्यांत देखणं तेच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मी ते वरवर पुसलं, बटण दाबलं आणि सुरुवातीला सांगितलं ते सगळं घडलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा मी सहज सांगितलं, "तुझा लॅपटॉप बिघडून राहिलाय."

"काय झालं?"

"उघडायला लागला की बंद. परत उघडायला लागला की परत बंद."

"काही सांडलं का त्याच्यावर? पाणी, चहा?"

"न्हाई बा."

"पडला का? तू काही केलंस का त्याला?"

"मी काय करणार त्याला? जिथल्या तिथं हाय."

मी खोटं बोलत नव्हते. देवाशपथ, पूजा मला आठवलीच नाही. पूजा म्हणजे 'काही करणं' असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. सांडणं वेगळं, पाडणं वेगळं, आणि पूजा तर वेगळीच.

"दुकानात देऊ नको," ती म्हणाली. "माझे सगळे फोटो हायेत त्याच्यात. मी सांगते तसं कर. चष्मा लाव."

तेव्हापासून रोज संध्याकाळी असंच सुरू झालं. ती ऑफिसातून रूमवर पोचली की फोन करायची आणि पहिलं वाक्य असायचं, "चष्मा लाव." मी फोनचा स्पीकर लावून तो साखरेच्या डब्याला टेकवायचे आणि लॅपटॉप पुढ्यात घ्यायचे. चार्जर काढ. मागची बॅटरी काढ, दोन खिट्ट्या आहेत त्या बाहेर सरकव. आता बटण दाबून धर, मी सांगेपर्यंत सोडू नको. सोड. बॅटरी बसव. वरच्या रांगेतली ही किल्ली दाबत राहा. काय दिसतंय?

"चिन्ह आलं."

"मग?"

"चक्र फिरून राहिलंय."

"थांब जरा. बघू."

आणि या थांबण्यातच खरी गंमत होती. जुनं मशीन, चक्र फिरायला वेळ घ्यायचं. तेवढ्या वेळात फोन ठेवता येत नव्हता आणि गप्पही बसवत नव्हतं. मग ती काहीबाही बोलायची. डब्यात रोज बटाटाच येतो. साहेब सगळ्यांसमोर आवाज चढवतो. सोबत राहणारी मैत्रीण लग्न होऊन गेली, तिची कॉट तशीच रिकामी आहे. एवढी मोठी गोष्ट तिनं मला लॅपटॉपचं चक्र फिरताना सांगितली. "काळं झालं," मी म्हणायचे, आणि ती म्हणायची, "परत दाब." परत चक्र, परत पुढची गोष्ट.

एकदा तिनं लॅपटॉप उलटा करायला लावला. मागची पट्टी उघडून आतला एक छोटा तुकडा काढायचा होता, रॅम म्हणतात त्याला. मी यांच्या पेटीतला सगळ्यांत बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याच्या मुठीवर अजून हळदीचा पिवळेपणा होता.

"आता खोडरबर हाय का घरात?"

"शाळामास्तरणीला विचारतेस?"

त्या तुकड्याचे पिवळे दात खोडरबरानं हळूहळू घासायचे होते. घासले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे तेव्हा आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. घासता घासता मी तिला शिरूर अनंतपाळची, माझ्या माहेरची गोष्ट सांगितली. लहानपणी पाटीवरचं शुद्धलेखन चुकलं की माझे वडील ते पुसू द्यायचे नाहीत, चुकलेलंच दिवसभर घेऊन फिरायला लावायचे. ती खूप हसली. "म्हणून तू अशी झालीस," म्हणाली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी तिला सांगितलीच नव्हती, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

शेजारीण अंगणातून हे सगळं ऐकायची. हदगावकडचीच आहे, घरची कापसाची शेती दिराकडे देऊन इथं राहायला आलेली. दोन्ही लेकं बाहेरगावी. एके दिवशी कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "बाई, तुमचं लई बरं हाय."

"कशाचं बरं?"

"लॅपटॉप बिघडला तुमचा. लेक रोज बोलून राहिली. आमच्या घरात फ्रीज चालू, टीव्ही चालू, मोटार चालू. कोन कशाला फोन करतंय?"

ती हसत म्हणाली, मीही हसले. घरात आले आणि मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दिवसभर मी संध्याकाळची वाट बघते हे तिनं ओळखलं होतं. आणि ती वाट लॅपटॉपच्या बिघाडावर टेकलेली होती. तो नीट झाला की पुन्हा जेवलीस का, हो, ठेवते, ठेव. मला पहिल्यांदा भीती वाटली की हा सुरू होईल.

आणि सुरूच झाला. एका दुपारी करमेना म्हणून मी किल्ल्यांमधली धूळ काढायला बसले. जुना टूथब्रश आणि शिलाई मशीनची सुई. किल्ल्या झाल्या, वर बटणापाशी आले तर त्याच्या कडेला लाल रेघ. सुईनं कोरलं. तेलकट कुंकवाचा गर निघायला लागला, आणि त्यात रुतून बसलेली तांदळाची एक कणी. अक्षतेची. ती निघाली आणि बटण टक् करून वर आलं. म्हणजे इतके दिवस ते बटण दाबलेलंच होतं! लॅपटॉप बिचारा उठायला लागला की माझी अक्षता त्याला पुन्हा खाली बसवत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी बटण दाबलं. चिन्ह, चक्र, आणि थोड्या वेळानं लेकीच्या कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो पडदाभर.

आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पत्त्यांचा एक डाव पण मांडला. पण डावात लक्ष लागेना. घड्याळाकडे बघत होते.

संध्याकाळी फोन आला. "चष्मा लाव. आज काही फरक?"

"कुठला गं फरक! तेच करून राहिलाय."

सगळी नोकरी मी पोरांची खोटी पोटदुखी पकडण्यात घालवली. खोटी पोटदुखी मला चेहऱ्यावरून ओळखू यायची. खरी असली की पोरगं गप्प पडून राहतं, खोटी असली की फार वर्णन करतं. आणि आता मी वर्णन करत होते. पंखा जास्तच घुरघुरतोय, चक्र आज उलटं फिरल्यासारखं वाटलं. चक्र उलटं! समोर लॅपटॉप शहाण्या मुलासारखा चालू होता आणि मी त्याच्या आजाराचे तपशील देत होते. लाज वाटत होती आणि थांबवतही नव्हतं.

पण रोज नवं काय सांगणार? माझ्याकडची लक्षणं संपली. मग मी दुपारी शोधायला लागले. फोनवरची अक्षरं मला बारीक पडतात, म्हणून लॅपटॉपवरच टाइप करायचे: लॅपटॉप पुन्हा पुन्हा बंद होणे लक्षणे. लॅपटॉप चालू होताना आवाज. त्यातलं एखादं सोपं निवडायचं आणि संध्याकाळी सांगायचं. लेक शांतपणे ऐकायची, हे दाब ते दाब सांगायची, आणि चक्राच्या वेळात आपलं बोलायची. त्यात एकदा म्हणाली, "पप्पा असते तर म्हणाले असते, ढकलून स्टार्ट करा." मी हसले आणि मग दोघी बराच वेळ काही बोललो नाही. पण ते गप्प बसणं पूर्वीसारखं नव्हतं.

मग एका दुपारी मी निळ्या पडद्याबद्दल वाचलं. बिघाड मोठा असला की पडदा निळा होतो आणि त्यावर पांढरी अक्षरं येतात, असं लिहिलेलं. मला ते फार आवडलं. दोन-तीन दिवस तरी पुरेल, असं वाटलं.

संध्याकाळी फोन आला. मी चष्मा लावून तयारच होते. मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणाली, "आज निळा पडदा आला असंल ना?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "तुला गं काय माहीत?"

तिकडं खिडकी लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आई, त्या लॅपटॉपवर अजून माझंच खातं चालू हाय. तू तिथं जे शोधतेस ते मला इथं फोनवर दिसून राहिलंय."

मी चष्मा काढला.

"बिघडलेल्या लॅपटॉपवरच बिघाड शोधलास तू."

कॉपी करताना पकडलेली पोरं जमिनीकडे बघतात तशी मी फरशीकडे बघत राहिले. बघायला कुणी नव्हतं तरी.

"कधीपासून दिसून राहिलंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का न्हाईस? रोज मला हे दाब न् ते दाब करायला लावलंस."

"तू तरी कुठं बोललीस?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "रूमवर आल्यावर इथं पण कुणी न्हाई ना, आई. लॅपटॉपचं विचारायचं असलं की फोन करायला बरं वाटतं. नुसता फोन केला की काय बोलायचं तेच कळत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. माझ्या एकटेपणाची मी सवय करून घेतली होती. जरा कौतुकही करत असेन त्याचं. पुण्यात, एवढ्या माणसांत, माझ्या लेकीच्या खोलीत एक रिकामी कॉट आहे आणि ती रोज तिच्याकडे बघत जेवते, हे मी ऐकलं होतं, पण कानापलीकडं ते गेलं नव्हतं. मी चक्र बघत होते.

"झालं काय होतं पण त्याला?" तिनं विचारलं.

"खंडेनवमीला पुजला होता. बटणात कुंकू गेलं. अक्षतेची कणी पण."

"पुजला? कुणी?"

"मी. दुसरं कोण हाय घरात?"

ती लगेच हसली नाही. "तू कुंकू कालवलंस?"

"हाव."

"बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग हसायला लागली ते थांबेचना. मीही हसले. ठेवताना दोघी मोकळ्या झाल्यासारख्या होतो.

खरं भय दुसऱ्या संध्याकाळचं होतं. आता सगळं नीट होतं. सांगायला बिघाड नव्हता, विचारायला बिघाड नव्हता. फोन नेहमीच्या वेळेला वाजला.

"लॅपटॉप कसा हाय?"

"चालू हाय."

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"हो."

आणि दोघी थांबलो. तिच्याकडे कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. आता 'ठेवते' येणार, हे मला दिसत होतं. मी काहीतरी आठवायला लागले, शिरूरची एखादी गोष्ट, शेजारणीचं काही. ऐन वेळी एक म्हणून आठवेना. इतकी वर्षं पोरांपुढं बोलून पोट भरलेली बाई मी, आणि पोटच्या पोरीपुढं मला वाक्य सुचत नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "चष्मा लाव."

"कशाला? चालू हाय म्हटलं ना."

"लाव तर. पडद्यावर काय दिसतंय ते वाच."

पेन्शनचं काम आहे, असं तोंडावर आलं होतं. ते गिळलं. "पत्ते हायेत," मी म्हटलं.

"मला माहीत हाय, ते पण खात्यात दिसतं. कोणते हायेत ते सांग."

मी चष्मा लावला, फोन साखरेच्या डब्याला टेकवला आणि डावीकडून वाचायला लागले. किलवरची सत्ती. चौकटचा गुलाम. इस्पिकची दश्शी, ती गुलामावर जाते. "ठेव मग," ती म्हणाली. ठेवली. खालून नवा पत्ता उलटला. तो वाचला. ती विचार करून सांगत होती, मी करत होते, मधे ती डब्यातल्या भाजीचं सांगत होती.

"ही बदामची राणी कुठंच बसत न्हाई," मी म्हटलं.

"राहू दे तिला तिथंच," लेक म्हणाली. "पुढचा वाच."